भोपळ्यातली म्हातारी विश्वामित्रीतून घरी येते तेव्हा

ओटल्यावरची

वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या ओटल्यावर दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना मराठीतून गोष्टी सांगते. नऊ-दहा मुलं जमतात, पाच ते नऊ वर्षांची. शाळा इंग्रजी, खेळणं-भांडणं गुजरातीत, मराठी फक्त आजी-आजोबांशी. म्हणून एखादा शब्द अडला तरी मी लगेच गुजराती प्रतिशब्द देत नाही, हातवारे करते, आवाज काढते, गोष्ट जरा लांबवते.

गेल्या शनिवारी 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगत होते. म्हातारी निघाली, वाघ आडवा आला, म्हातारी म्हणाली, "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा." इथे सहा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "आजी, ही म्हातारी राहते कुठे?" मी म्हटलं, "इथेच, आपल्या गावात." तो म्हणाला, "मग वाघ कसा येईल? आपल्याकडे तर मगर आहे."

झालं, सगळी एकदम बोलायला लागली. त्यातल्या दोघांनी ऑगस्ट २०२४ च्या पुरात गच्चीवरून मगर पाहिलेली. एकीच्या मामाच्या सोसायटीत वनखात्याची माणसं दोर घेऊन आली होती. वाघ त्यांच्या लेखी कमाटीबागेतला, पिंजऱ्यात पाठ करून झोपलेला. मगर मात्र काळाघोड्याच्या पुलावर बाबा स्कूटर थांबवून दाखवतात ती, खरीखुरी, मोकळी.

त्या रात्री मला झोप लागेना. ही गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली. ती लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आली तेव्हा गोष्टही घेऊन आली, वाघासकट, घाटातल्या रानासकट. आम्ही इथलं पाणी पितो त्याला चार पिढ्या झाल्या, पण म्हातारी अजून सह्याद्रीतच चालतेय. मीही चाळीस वर्षं ती तशीच सांगत आले.

मग नदीचा विचार मनात आला. विश्वामित्री पावागडावर उगम पावते, आपल्या शहरातून वाहते, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते. म्हणजे लेक पावागडच्या पायथ्याशी दिलेली असली, तर म्हातारी जाताना चालत जाईल आणि येताना पाण्याने येईल! भोपळा तरंगतोच. माझे वडील विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला सुका दुध्या बांधून. मी अंथरुणात उठून बसले.

तर मंडळी, मला तिन्ही गोष्टींवर तुमचं मत हवंय. वडोदरा ते पावागड वाटेत कोण कोण भेटेल? भोपळा पाण्यातून आला तर 'टुणूक टुणूक'चं काय करायचं? आणि मुळात हे करावं का?

रावपुरा६२

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. करू नये.

मी रावपुऱ्यातल्या वाड्यात वाढलो. आमच्या मुलांना मराठी कुठून मिळणार? वर्तमानपत्रातून नाही, शाळेतून नाही, रस्त्यावरच्या पाट्यांतून नाही. मिळणार ते गोष्टींतून आणि आरत्यांतून. वाघ काढलात की त्याच्यामागे वाघोबा जातो, दिवाळीतली वाघबारस जाते, 'वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो' ही म्हण जाते. मूल उद्या ही म्हण ऐकेल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काहीच येणार नाही. वाघ त्याने पाहिला नाही म्हणूनच तो गोष्टीत हवा. राक्षस तरी कुणी पाहिलाय?

आणि इथे वाघ नव्हता असं नाही. पंचमहालच्या आणि डांगच्या रानात होते. २०१९ मध्ये महीसागर जिल्ह्यात लुणावाड्याकडे एक वाघ दिसला, कॅमेऱ्यात आला, आणि त्याच महिन्यात मेलेला सापडला. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जो प्राणी रानातून जवळजवळ गेला त्याला गोष्टीतूनही घालवायचं, हे मला बघवत नाही.

ओटल्यावरची

काका, वाघबारशीचं अगदी पटलं. यावर मी विचार करते. पण राक्षस आणि वाघ एक नव्हेत असं मला वाटतं. माझ्या आजीला सांगणाऱ्या तिच्या आजीने वाघाची डरकाळी खरंच ऐकली असेल. तिच्या आवाजात जी भीती होती ती माझ्या आवाजात येत नाही. मुलांना ते कळतं.

पंचमहाल_फिरस्ता

मी पंधरा वर्षं सुटी मिळाली की पावागड-जांबुघोडा-रतनमहाल करतो, त्यामुळे वाटेतले प्राणी माझ्याकडे.

बिबट्या पहिला. गुजरातीत दीपडो. जांबुघोड्याच्या रानात आहे, उसाच्या आणि केळीच्या शेतांतही येतो. माणसाच्या वस्तीजवळ दबून राहणं हाच त्याचा स्वभाव. वाघाचं काम त्याच्याकडे द्या, तो ते नीट करेल.

दुसरं अस्वल. ताई, अस्वल म्हातारीला 'मी तुला खातो' म्हणूच शकत नाही. त्याचं खाणं वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं आणि चैत्रात मोहाची फुलं. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो तो वेचायला अस्वलही येतं आणि बायकाही जातात, टोपल्या घेऊन. धोका तिथेच असतो. अस्वलाला दिसतं कमी, वास येतो भरपूर. एकदम समोर आलात तर घाबरून अंगावर येतं. आणि मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, दाट केसांना घट्ट धरून बसतात ती. मी जांबुघोड्यात एकदा पाहिलंय, संध्याकाळी रस्ता ओलांडताना, पाठीवर दोन. जीप बंद करून आम्ही कितीतरी वेळ गप्प बसलो होतो.

तिसरं तरस, इकडे झरख म्हणतात. निशाचर, हाडं फोडून खाणारं. ते मेलेलं जनावर शोधतं. म्हणून त्याच्या तोंडी मी हे वाक्य देईन: "म्हातारे, मला घाई नाही. मी मागून येतो." आमच्या घरी हे बोलून पाहिलं, पुतण्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसला.

एक गोष्ट काळाची. विश्वामित्री पावागडकडे उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी असते. भोपळा तरंगायला पाणी लागेल ते पावसाळ्यातच. म्हातारी चैत्रात निघाली, म्हणजे मोह फुललेला असताना आणि पावागडला नवरात्राची गर्दी असताना, तर तिला आषाढापर्यंत लेकीकडे राहावं लागेल.

ओटल्यावरची

तीन महिने! म्हणजे लठ्ठ व्हायला पुरेसे. आजवर मला हे कोडंच होतं, की दोन दिवसांच्या माहेरपणात, म्हणजे लेकीच्या पाहुणचारात, म्हातारी भोपळा भरेल एवढी कशी होते. आणि पंचमहालात तूप-रोटी नाही, मक्याचा रोटला. मक्याचा रोटला, वर तुपाची धार, बाजूला गूळ.

भाविन_जोशी_नाही

सिंह का नको? गुजरात म्हटलं की सिंह. माझ्या मुलीला तोच हवा आहे.

पंचमहाल_फिरस्ता

सिंह गीरमध्ये आणि त्याच्या आसपास, सौराष्ट्रात. २०२५ च्या मोजणीत ८९१ भरले, आणि ते आता गीरबाहेर अमरेली-भावनगरच्या शेतांतही फिरतात, पण मधे अख्खं आखात आहे. पावागडच्या वाटेवर सिंह आणला तर तो साताऱ्याच्या वाघासारखाच पाहुणा. तुमच्या मुलीसाठी म्हातारीची लेक जुनागढला द्या, वेगळी गोष्ट होईल. तिथे गिरनार आहे, लेकीला राहायला जागा चांगली.

एक_आई_निझामपुरा

मी नेहमी नुसतं वाचते, आज लिहिते आहे कारण हा विषय माझ्या घरातला आहे. पुराच्या वेळी आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर होतो, वीज नाही, खाली पाणी. तिसऱ्या दिवशी खालच्या पाण्यात काहीतरी हललं आणि कुणीतरी ओरडलं, मगर. ते लाकूड होतं की मगर, आम्हाला अजून माहीत नाही. पण माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची, पुढे कितीतरी दिवस बाथरूमच्या जाळीवर पाय द्यायची नाही. आता सात वर्षांची आहे, पुलावरून जाताना अजून माझा ओढणीचा पदर धरते.

ताई, तुमच्या गोष्टीत मगर आणा. पण विचार करून आणा. तिला फक्त 'खाऊ का' म्हणणारी करू नका, आणि गोड गोड मैत्रीणही करू नका. माझी मुलगी दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही.

मगरमित्र

मी वन्यजीव बचावाच्या कामात स्वयंसेवक आहे. पुराच्या त्या दिवसांत आम्ही झोपलो नाही. वस्तीत आलेल्या मगरी पकडून सोडायच्या होत्या, आणि लोक भ्यालेले होते, त्यांचं चुकत नव्हतं. एक_आई, तुमच्या मुलीला सांगा की मगर तिच्या घरात शिरायला आली नव्हती, नदीच तुमच्या घरात आली आणि मगर नदीबरोबर आली.

गोष्टीसाठी मला माहीत आहे ते सांगतो. आपल्या नदीत आहे ती मगर, सुसर नव्हे. सुसरीचं तोंड लांब आणि चिंचोळं, ती मासे खाते, चंबळेत असते. मगरीचं तोंड रुंद. मगर काठात बीळ करते, हिवाळ्यात सकाळी उन्हात पडून असते कारण तिचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही, ऊन अंगात भरून घ्यावं लागतं. तोंड उघडं ठेवून पडते ते कुणाला खायला नाही, उष्णता बाहेर टाकायला.

आणि आता मुख्य. मादी उन्हाळ्याच्या आधी काठावर खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते आणि त्यावर पहारा करते. दोनएक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, अंड्यांतून पिल्लं आवाज देतात. बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज. तो ऐकून ती खड्डा उकरते, आणि ज्या जबड्याने हाड मोडतं त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. कधी न फुटलेलं अंडं जिभेवर घेऊन हळूच दाबून फोडते. मी पाण्याजवळ पिल्लं पाहिलीत, वीतभर लांबीची, आईच्या डोक्यावर बसलेली.

तुमचा भोपळा नेमका याच दिवसांत येणार आहे, ताई. आषाढात. गोल, पिवळट, आतून बारीक आवाज येणारा. तो मगरीला काय वाटेल?

ओटल्यावरची

अंडं!!

थांबा. मला लिहायला बसू द्या.

फिरत्या_गोष्टी

तुम्ही लिहीपर्यंत थोडं सांगते. रावपुरा६२ काका, ही गोष्ट फिरत आलेली आहे, आणि जिथे गेली तिथलं पांघरूण घेतलंय तिने. बंगालमध्ये म्हातारी पाठीत वाकलेली, ती नातीकडे जाते, परतताना दुध्याच्या कवचात बसून गडगडत येते, आणि शेवटी घरचे कुत्रे धावून येऊन तिला सोडवतात. पंजाबात म्हातारी नाहीच, एक कोकरू आजीकडे निघतं, आणि परतताना ढोलकीत बसून येतं. तिथला कोल्हा त्याला ओळखतो आणि खातो. आणि आपल्या शेजारच्या गुजराती घरांत डोशी म्हणते, "दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे." आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, आम्ही दोन्ही म्हणायचो, खेळायला कोण आलंय त्यावर. माझी शेजारीण डोशी व्हायची आणि मी भोपळा.

सगळीकडे बदललंय ते जनावर आणि वाहन. न बदललेलं एकच, म्हातारी घाबरून पळत नाही, मुदत मागते.

रावपुरा६२

मुदत मागते हे मी कधी अशा शब्दांत पाहिलं नव्हतं. आभारी आहे, ताई. वाघाबद्दल माझं म्हणणं मात्र कायम आहे.

यारानदीकाठी

मूळची दांडियाबाजारची, आता मेलबर्नमध्ये. इथे माझ्या मुलाला ही गोष्ट सांगताना मी कांगारू आणला होता, टुणूक टुणूक त्याला शोभतं म्हणून. पण कांगारू गवत खातो, म्हातारीला कशाला अडवेल? गोष्ट पडलीच. मुलगा ऐकता ऐकता उठून गेला.

मग लक्षात आलं की इथल्या मुलांना खरी भीती कसली वाटते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून, म्हणजे इथला वसंत, मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी घरट्याच्या आसपास येणाऱ्याच्या डोक्यावर मागून झेप घेतो. सायकलवाले हेल्मेटला ताठ प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात, काट्यांसारख्या उभ्या, तो जवळ येऊ नये म्हणून. माझा मुलगा शाळेच्या वाटेवर एका झाडाखालून नेहमी पळत जातो. म्हणून आमच्या गोष्टीत म्हातारीला मॅगपाय अडवतो, आणि परत येताना ती भोपळा डोक्यावर घालते, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून. आता त्या झाडाखाली आला की तो जोरात म्हणतो, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!" मराठीत, रस्त्यावर, मित्रांसमोर. काका, मला वाघ गेल्याचं दुःख झालं नाही.

सुगरण_मांडवी

भोपळ्याबद्दल. मुलांना लाल भोपळा म्हणू नका, तो म्हणजे इथलं कोळू, तो ओला आणि जड असतो, कोरल्यावर चार दिवसांत सडतो. पाण्यातून यायचं तर सुकवलेला दुध्याच हवा, तुंबा. त्याचं कवच लाकडासारखं होतं, बिया आत खुळखुळतात. आमच्या आजोळी त्याचे डावले करायचे. गोष्टीत लेकीने तो वेलावरच मोठा होऊ दिला आणि वाळवला असं येऊ द्या, तीन महिने आहेतच.

ओटल्यावरची

लिहिली. शनिवारी सांगितलीही. आधी गोष्ट, मग काय झालं ते.

विश्वामित्रीच्या काठी, काळाघोड्याच्या पुलापासून जवळ, एका वडाखाली म्हातारी राहायची. हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक. तिची लेक पावागडच्या पायथ्याशी दिलेली. चैत्र लागला तशी म्हातारीने गाठोडं बांधलं, काठी घेतली आणि निघाली.

पहाटेच्या अंधारात मोहाखाली अस्वल. पाठीवर दोन पिल्लं. म्हातारी जागीच उभी राहिली, हललीसुद्धा नाही. अस्वल नाक वर करून म्हणालं, "कोण आहे गं? मला दिसत नाही, वास येतोय." "मी म्हातारी. लेकीकडे चाललेय." "गाठोड्यात काय?" "गूळ." "दे." "आत्ता दिला तर लेकीला काय नेऊ? येताना मधाचं पोळं आणते." अस्वल म्हणालं, "बरं," आणि पुन्हा फुलं खायला लागलं.

पुढे उसाच्या शेतातून बिबट्या आला. "म्हातारे, खातो तुला." म्हातारीने त्याला नीट पाहिलं. "तू रे कोण? माझ्या आजीच्या गोष्टीत इथे वाघोबा असायचा." बिबट्या जरा खाली बसला. "वाघोबा गेला. ही त्याची वाट. आता मी राखतो." "मग त्याचा मान तुला. पण बघ, माझ्यात आहे काय खायला? लेकीकडे जाईन, तूप-रोटला खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा." बिबट्याने बोटांवर दिवस मोजले आणि वाट सोडली.

तिन्हीसांजेला मागून पावलं वाजली. पुढचे पाय उंच, मागचे आखूड. तरस. "म्हातारे, मला घाई नाही. मी मागून येतो." म्हातारीला पहिल्यांदा भीती वाटली. ती थांबली, वळली आणि म्हणाली, "मग माझ्याबरोबरच चल, मागून कशाला? अंधार पडलाय, मला सोबत होईल." असं आजवर तरसाला कुणी म्हटलं नव्हतं. ते लेकीच्या दारापर्यंत बरोबर आलं आणि तिथून मुकाट्याने रानात गेलं.

तीन महिने लेकीने मक्याचे रोटले करून घातले, तूप ओतून. परसातला दुध्या वेलावर वाढला, वाळला, खोलीएवढा झाला. आषाढात ढग आले. लेक म्हणाली, "आई, आता जाऊ नको, बिबट्या आहे." म्हातारी म्हणाली, "शब्द दिलाय, वाट चुकवून कसं चालेल? तसंच जाईन, पण दिसणार नाही." भोपळ्यात बसली, मांडीवर मधाचं पोळं घेतलं, झाकण लावलं. पावागडच्या उतारावरून भोपळा निघाला. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!

अस्वलाला वाटेत पोळं मिळालं. बिबट्या ओरडला, "ए भोपळ्या, म्हातारी पाहिलीस?" "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!" आणि भोपळा धपकन नदीत. आता उड्या संपल्या. चल रे भोपळ्या डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

शहर जवळ आलं, आणि भोपळा थांबला. पाण्यात काहीतरी होतं. म्हातारीने भोकातून पाहिलं. एक डोळा. तिला आठवलेलं पहिलं ती बोलली, "सुसरबाई सुसरबाई, तुझी पाठ मऊ!"

"मी सुसर नव्हे, मगर. आणि माझी पाठ मऊ नाही. तू कोण? अंड्यातून बोलतेस?"

म्हातारी गप्प. मगरीने भोपळ्याला कान लावला. आत म्हातारीचं काळीज धडधडत होतं. "हं, जिवंत आहे," मगर म्हणाली. "माझी बाकीची सगळी पाण्यात उतरली. हेच एक उशिरा आलं." तिने जबडा उघडला, आत केवढे दात, आणि दात लपवून भोपळा अलगद उचलला. मागे पिल्लं, डोक्यावर पिल्लं. काठाला वडाखाली आणून तिने भोपळा ठेवला आणि हळूच दाबला. टक! भोपळा फुटला. आतून पांढऱ्या केसांची, लठ्ठ, नऊवारीतली म्हातारी.

मगरीने तिला बराच वेळ पाहिलं. म्हातारीने मगरीला पाहिलं. दोघीही हलल्या नाहीत. मग पिल्लांनी आवाज दिला आणि मगर पाण्यात गेली.

म्हातारी अजून त्या वडाखाली राहते. पाण्यात मात्र पाय घालत नाही.

इथे गोष्ट संपली. रावपुरा काका, वाघोबाची जागा मला तुमच्यामुळे सापडली, तो नसूनही गोष्टीत आहे. 'वाघोबा गेला' म्हटल्यावर मुलांनी लगेच विचारलं, कुठे गेला? मग मी लुणावाड्याच्या वाघाचं सांगितलं. त्यानंतर म्हण सांगितली, दोन्ही म्हणी, सुसरबाईचीसुद्धा. मुलं आता एकमेकांना 'सुसरबाई' म्हणून चिडवतायत.

बिबट्याची मुदत पुरी झाली नाही, यावर एक मुलगी रागावली आहे. तिच्या मते म्हातारीने शब्द मोडला. मला उत्तर सुचलं नाही, मी तिला पुढच्या शनिवारी तूच सांग म्हटलंय.

एक_आई_निझामपुरा

मी मुलीला गोष्ट वाचून दाखवली. 'दोघीही हलल्या नाहीत' इथे तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. तिने विचारलं, मगरीला कळलं का की ते पिल्लू नव्हतं? मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, कळलं, पण तोवर तिने उचलून आणलं होतं ना.

पुलावरचं अजून तसंच आहे. शनिवारी आम्ही दोघी तुमच्या ओटल्यावर येऊ का?

ओटल्यावरची

यायचंच. सहा वाजता, पाऊस असला तर जिन्यात.

रावपुरा६२

ताई, मीही येतो. वाघबारशीची माझ्या लहानपणची एक आठवण आहे, मुलांना सांगेन. गोष्टीबद्दल आता माझी तक्रार नाही. 'ही त्याची वाट, आता मी राखतो' हे मी पत्नीला तीनदा वाचून दाखवलं.

मगरमित्र

एक दुरुस्ती सुचवतो. मगरीला दात लपवता येत नाहीत, तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. ती पिल्लं उचलते तेव्हा दात तिथेच असतात, फक्त जबड्याचा जोर ती आवरून धरते.

ओटल्यावरची

'दात तसेच, पण जोर आवरून.' शनिवारी असं सांगेन.